खिशात निघालेली फाइल

जनावर पारखायचं तर आधी मागून बघावं, मग बाजूने, आणि तोंड सगळ्यात शेवटी. तोंड आधी बघितलं की माणूस भुलतो. पशुसंवर्धन खात्यात चौतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली, त्यातून एवढं शिकलो. चाकुरात लोक मला डाक्टर म्हणतात. मी डाक्टर नाही हे प्रत्येकाला एकदा सांगतो आणि कोणी ऐकत नाही. नाव अण्णाराव बिरादार.

निवृत्तीनंतर मी कॉम्प्युटरवर एक फाइल करायला घेतली. आमच्याकडची गुरं देवणी जातीची. दूध देतात, औताला चालतात, उन्हाला दबत नाहीत. पण चांगली जनावरं थोडी उरली, आणि ती बाजारातून या गावची त्या गावाला फिरत राहतात. तीन हात बदलले की कोणाची आई कोण, हे कोणालाच ठाऊक राहत नाही. मग जवळच्या नात्यातला वळू लागतो आणि वासरू अधू निपजतं. म्हणून मी एकेका जनावराची ओळ लिहीत गेलो. नाव, मालक, गाव, आई, बाप, जन्म, फोटो, आणि शेवटच्या रकान्यात ही माहिती दिली कोणी त्याचं नाव. गाय विकली गेली की मी घेणाऱ्याला फोन लावायचो. लोक वैतागायचे. माझी बायको उमाबाई म्हणायची, "पोरीच्या सोयरिकीला एवढी चौकशी केली न्हाई तुमी."

पण गाय माजावर आली की तेच वैतागलेले लोक दारात उभे. अमक्याचा वळू लावू का, एवढंच विचारायचं. मी फाइल बघून हो किंवा नाही सांगायचो. निवृत्त माणसाकडे कोणी काही विचारायला येणं ही लहान गोष्ट नव्हे. ज्याच्याकडे कोणी येत नाही त्याला विचारा.

तर कॉम्प्युटर. तो दोन हजार चौदाचा. गेल्या ऑक्टोबरात त्याच्या पडद्यावर निरोप यायला लागला की विंडोज दहाची सेवा आता संपली, आणि अकरा या यंत्रात बसत नाही. त्याच सुमारास यंत्राने बसकण मारली. फाइल उघडायला सांगावी, चहा प्यावा, चावडीपर्यंत जाऊन यावं, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतंच आहे.

नेमकी त्याच आठवड्यात पंचफुला आली. ती इथून जवळच्या बोरतळवाडीची. चार एकर स्वतः कसते. तिच्याकडे एकच देवणी गाय, मैना. मागच्या साली तिने कोणाला न विचारता मैनेला वळू लावला, आणि झालेलं वासरू पायावर उभंच राहिलं नाही. चौथ्या दिवशी गेलं. यंदा ती विचारायला आली होती.

"डाक्टर, मैना माजावर हाय. गुरुबसप्पाचा वळू लावू का? लई नाव झालंय त्याचं."

मी फाइलवर बोट दाबलं. चक्र फिरायला लागलं. पंचफुला तासभर ओट्यावर बसली. शेवटी मी म्हणालो, पुढच्या माजाला ये. म्हणजे एकवीस दिवसांनी. ती उठून बोरतळवाडीच्या वाटेला लागली.

मी ठरवलं, आता नवी सोय बघायची. पण बघायची ती पारखून. माझी मुलगी ऋतुजा नांदेडला असते. तिच्या घरात दोन लॅपटॉप. तिच्याकडे विंडोज अकरा आणि जावई आदिनाथरावांकडे मॅक. मी चार दिवसांसाठी गेलो आणि बारा दिवस राहिलो. वहीत दोन रकाने आखले, गुण आणि खोडी.

अकराचं तोंड देखणं. हात बसलेलाच होता, मराठी कळफलकही तोच. पण सुरुवातीचं बटण डाव्या कोपऱ्यातून उचलून मधोमध आणून ठेवलेलं. देव्हारा इतकी वर्षं कोपऱ्यात असावा आणि एक दिवस कोणी तो माजघराच्या मध्यावर मांडावा, तसं माझं झालं. मी रोज रिकाम्या कोपऱ्याला नमस्कार करत होतो. ऋतुजा म्हणाली ते परत कोपऱ्यात नेता येतं, आणि तिने नेऊनही दिलं. तरी त्यासाठी यंत्र नवं घ्यावं लागणार ते लागणारच, आणि माझं जुनं मला मोडीत काढायचं नव्हतं.

मॅक अंगाने सडपातळ, आवाज नाही, तापणं नाही, दिवसभर दमत नाही. खोटं कशाला बोला, मला आवडला. पण बंद करायचं बटण डावीकडे, आणि ते दाबून खिडकी गेली तरी कार्यक्रम आपला खाली चालूच. हाकललेलं कुत्रं ओसरीच्या कडेला जाऊन बसावं तसा. नक्कल करायची कळसुद्धा दुसरी. आदिनाथराव म्हणाले, "आठ दिवसांत हात बसेल, अण्णा." बसला असता. पण जनावर घेताना मी आणखी एक बघतो, वैद्य किती लांब आहे ते. चाकुरात मॅक बिघडला तर मी तो कोणाला दाखवू?

वहीची सात पानं भरली. आणि सातव्या पानावर असताना पंचफुलाचा फोन आला.

"डाक्टर, मैना सकाळधरनं हंबरून राहिली. काय करू?"

मी नांदेडात, फाइल चाकुरात. मी पुन्हा तेच म्हणालो, पुढच्या माजाला बघू.

ती म्हणाली, "दीर म्हनायलाय, गाय भाकड हाय, बाजार दाखवा. ह्या दोन बाऱ्या म्या त्याला थोपवलं. तिसऱ्या बारीला काय सांगू?"

फोन ठेवला तर ऋतुजा समोर उभी. ती म्हणाली, "अण्णा, तुमची पारख होईस्तोवर गाय विकली जाईल तिची." आपलीच लेक, खरं बोलली की जास्त लागतं. मग तिनेच सांगितलं की तिच्यासोबत कॉलेजला असलेल्या जिलानीचं लातूरला गंजगोलाईजवळ दुकान आहे, आणि तो अशा जुन्या यंत्रांत विंडोज काढून लिनक्स नावाची फुकटची यंत्रणा घालून देतो.

चाकुरात येऊन प्रिंटर पिशवीत घातला, कॉम्प्युटरचा डबा शालीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन एसटीने लातूर गाठलं. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं नाही, हे त्याचे उपकार.

जिलानी पस्तिशीचा, हळू बोलणारा. माझी वही त्याने पहिल्या पानापासून सातव्या पानापर्यंत वाचली आणि हसला नाही. मग एक पेनड्राइव्ह लावला. "सर, आधी ह्याच्यावरनं चालवून बगा. तुमच्या यंत्रात अजून कायबी बदललं न्हाई. मनाला आलं तर घालू, न्हाई तर काढून घेऊ." बाजारात बैल घेण्याआधी जुंपून दाखवतात, तसं झालं हे. मला तो माणूस तिथंच पटला.

दुपारभर मी त्याच्या दुकानात बसून लिनक्स चालवलं. बटण डाव्या कोपऱ्यात, जिथं असायला हवं तिथं. मराठी कळफलक तोच. माझा जुना प्रिंटर, ज्याची सीडी केव्हाच हरवली, तो लिनक्सने आपणहून ओळखला. एक खोड निघाली. खात्याचा एक जुना फॉर्म काही केल्या नीट उघडेना. पण खोड नसलेलं जनावर मी अजून पाहिलेलं नाही. डी ड्राइव्हमध्ये जाऊन माझी फाइल उघडली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती समोर. वरच्या चार ओळी बघितल्या, सगळे रकाने जागच्या जागी. मी म्हणालो, घाल.

"सर, सी ड्राइव्ह साफ होईल, जुनं विंडोज त्यातच हाय. डी ला म्या हात लावत न्हाई. सी मधलं काय ठेवायचंय?"

"काय न्हाई. अरे, अख्ख्या तालुक्याला मी सांगत आलो, माल डी मध्ये ठेवा म्हणून."

"डेस्कटॉपवर एक फाइल दिसून राहिली."

"ती नुसती पाटी हाय, शॉर्टकट. माल डी मध्ये."

"बरं, सर," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी डबा शालीत गुंडाळून घरी आणला. यंत्र असं उठायला लागलं की उमाबाईसुद्धा बघायला आली.

चार दिवसांनी सकाळी पंचफुला दारात. तिसरा माज. शेजारचे दोघं-तिघं ओट्यावर बसलेले. मी मोठ्या ऐटीत तिला म्हणालो, आता बघ. फाइल उघडली आणि शोध लावला, गुरुबसप्पा. पडद्यावर आलं, सापडत नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग मी ओळी खाली खाली सरकवत गेलो. शेवटची ओळ ऑगस्ट दोन हजार बावीसची होती. त्याखाली पांढरं.

मग आठवलं. त्या साली गुरांत लम्पी या चामडीच्या रोगाची साथ आली होती. दिवसाला तीस-तीस फोन. फाइल चटकन उघडता यावी म्हणून मी ती डी मधून ओढून समोर पडद्यावर ठेवली होती. मला वाटलं, पाटी लावली. ती पाटी नव्हती, नक्कल होती. तीन वर्षं मी त्या नकलेतच लिहीत आलो आणि डी मधली जुनी फाइल तशीच पडून राहिली. आणि पडद्यावर समोर दिसतं ते सगळं सी च्याच पोटात असतं, हे मला आज कळत होतं. तीन वर्षांच्या चारशे बारा ओळी. कागदाचं रजिस्टर मी कधीच बंद केलं होतं. आणि लातुरात मी काय बघितलं होतं? वरच्या चार ओळी. म्हणजे तोंड.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या वेळी मी फोन उचलला आणि जिलानीवर तुटून पडलो. माझी फाइल तू मारलीस, म्हणालो. शेंड्याबुडख्याचं कळत नाही आणि दुकान थाटून बसता, म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. ओट्यावरची माणसं ऐकत होती, पंचफुला ऐकत होती.

त्याने मला संपवू दिलं. मग म्हणाला, "सर, तुमचं पाकीट माझ्याकडं हाय."

"कसलं पाकीट?"

"सी पुसायच्या आधी त्यातलं सगळं काढून ठेवलंय, तुमच्या नावानं. उघडून बगितलं न्हाई. आता उघडू का? तुमी हाव म्हनलात तरच."

मी हो म्हणालो. फोटो चिकटवून चिकटवून फाइल मी एवढी जड केली होती की इथल्या नेटवर ती यायला दिवस गेला असता. तो म्हणाला, "काय बगायचं ते सांगा, म्या वाचून दाखवतो." मी फोनचा आवाज मोठा केला आणि मधे ठेवला.

"मैना शोध. मालक पंचफुला."

"हाय, सर. मैना, गाव बोरतळवाडी. आई गंगी. बाप वडवळचा वळू."

"आता गुरुबसप्पाचा वळू."

कळांचा आवाज आला. "हाय. नाव राजा. जन्म नोव्हेंबर दोन हजार बावीस. आई गंगी."

"गंगी नावाच्या पन्नास गायी असतील. कोणची गंगी?"

"पुढं लिहिलंय, सर. हाळी गावच्या बाजारात घेतली, तवा गाभण होती. आधीची मालकीण पंचफुला, बोरतळवाडी."

पंचफुलाने पदर तोंडाला लावला. "आमची गंगी?" ती म्हणाली. "म्याच विकली की ती. पोरीच्या लग्नाच्या साली. कुठं गेली काय कळलंच न्हाई पुन्हा." मग ती खाली बसली. "म्हंजी त्यो राजा मैनेचा भाऊच झाला."

आई एकच. ज्या वळूचं चार गावांत नाव होतं, ज्याला लावायला ती दोनदा निघाली होती, तो. फाइल नसती तर मी तिला काय सांगितलं असतं? खरं सांगतो, लाव म्हणून सांगितलं असतं. वळू खरंच देखणा आहे.

मग मी विचारत गेलो आणि जिलानी वाचत गेला. त्याला वळू कशाशी खातात ते माहीत नाही, पण अर्ध्या तासात आम्ही सात वळू तपासले. नळेगावच्या हरिओम पाटलांच्या वळूशी मैनेचं तीन पिढ्या कुठे नातं लागत नव्हतं. पंचफुला उठली, म्हणाली, "टेम्पो बगते." पायऱ्या उतरताना थांबली आणि ओट्यावरच्या फोनकडे बघून म्हणाली, "दादा, गंगीचा तपास लागला बगा तुमच्यामुळं." जिलानी पलीकडून म्हणाला, "फिकर नका करू, मावशी."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने लातूरला गेलो. वाटेत उलटसुलट वाक्यं जुळवत होतो. मी उभ्या जन्मात दोन-तीनदा माफी मागितली असेल, त्यातली एक सासऱ्याची. दुकान उघडून तो काउंटर पुसत होता. मी म्हणालो, "काल तुला नको नको ते बोललो. पाच माणसांत बोललो. चूक माझी होती. चुकलं माझं." तो म्हणाला, "बसा, सर, चहा सांगतो." मला बसवेना.

त्याने खणातून एक खाकी पाकीट काढलं. आत पेनड्राइव्ह. पाकिटावर लिहिलेलं: बिरादार सर, चाकूर. त्याखाली: खिशात निघालेलं.

"हे काय रे?" मी विचारलं.

"अब्बांची लाँड्री होती, हितंच मागच्या गल्लीत. इमामसाब लाँड्रीवाले म्हनायचे. गिऱ्हाईक कपडे टाकताना सांगायचं, खिसे रिकामे हायेत. अब्बा म्हनायचे, हाव साहेब. गिऱ्हाईक गेलं की एकेक खिसा तपासायचे. किल्ली निघो, चिठ्ठी निघो, पाकिटात घालून वर नाव. चिठ्ठी वाचायची न्हाई, हे पक्कं. आमाला पोरांना सांगायचे, गिऱ्हाईक खोटं बोलत न्हाई, त्याला ठाऊक नसतंय."

"मग मला त्याच दिवशी का सांगितलं न्हाईस?"

"तुमी म्हनलात पाटी हाय. आसंल, म्हनलं. म्या दरेकाचं महिनाभर ठेवतो. कुनी आलं न्हाई तर पुसून टाकतो." त्याने खण लावून घेतला. "धापैकी आठजनांना लागतच न्हाई, सर."

मी पाकीट हातात घेऊन उभा होतो. त्या आठांसाठीही हा माणूस रोज बसून पाकिटं भरतो, नावं घालतो, आणि कोणाला सांगतसुद्धा नाही. त्याच्या बापाला मी कधी पाहिलं नाही. सहा वर्षांपूर्वी वारले. माझे तर कपडे चाकुरातच धुतले जायचे. तरी त्या घटकेला मला वाटलं, इमामसाबनी माझाच सदरा हातात घेतला होता आणि मी रिकामा म्हणून सांगितलेला खिसा उलटा करून बघितला होता. चहा आला तो मी गार करून प्यालो. त्या पाकिटाचे पैसे त्याने घेतले नाहीत. अब्बाही घेत नसत, म्हणाला.

मार्च महिन्यात मी बोरतळवाडीला जाऊन मैनेला तपासलं. हाताला लागलं. मी पंचफुलाला म्हणालो, "गाभण हाय." ती दिराकडे बघून म्हणाली, "ऐकलं का भावजी?" दीर वैरण टाकायला गेला. तिने मला बळेच दुधाची चरवी दिली, शेजारच्या गायीची, कारण मैनेचं दूध तेव्हा नव्हतं.

घरी येऊन कॉम्प्युटर लावला. मैनेच्या ओळीत नोंद केली. मग शेवटच्या रकान्याकडे बघत बसलो, माहिती कोणी दिली. तिथं शेकडो माणसांची नावं आहेत. मी त्याच्या पुढे एक नवा रकाना घेतला आणि वर लिहिलं: राखली कोणी. सप्टेंबर दोन हजार बावीसच्या पहिल्या ओळीवर आलो. जनावर असो की माणूस, नाव लिहिलं की बापाचं नाव लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. म्हणून लिहिलं: जिलानी, बाप इमामसाब लाँड्रीवाले, लातूर.

मग चौकोनाचा कोपरा धरला आणि खाली ओढत नेला, तेच नाव ओळीओळीत उमटत गेलं. नव्या यंत्रणेतही ते जुन्यासारखंच होतं. उमाबाई धुणं गोळा करायला आली आणि विचारलं, काय करून राहिलात. मी म्हणालो, थांब, अजून खाली जायचंय, चारशे बारा ओळी आहेत.